वहिवाट

चुन्याच्या हौदातून वासराचं कातडं काढायचं,
कडेला खडे गुंडाळून दोऱ्या आवळायच्या,
चौकटीवर ताणायचं,
आणि चंद्रकोरीसारख्या सुरीने खरवडत राहायचं
आरपार उजेड येईतो.
आजोबांना येत होतं, बापाला येत होतं, मला येतं.
कुठे लिहून ठेवलेलं नाही.

टॅम्सिन, शाळेतली इतिहासाची बाई, म्हणाली,
गुरुवारी चर्चच्या हॉलवर या, एक चर्मपत्र घेऊन.
विषय आहे, देशाने आपली राज्यघटना
एकदाची लिहून काढावी का.
म्हटलं, गिऱ्हाईक चांगलं आहे,
पण वासरं बरीच लागतील.
ती हसली नाही.

अकरा माणसं. चहा पाणचट.
हीटर एकच, तोही ऑब्री फेनविकच्या पायाशी.
ऑब्री तीस वर्षं मॅजिस्ट्रेट होता, अजून तसाच बसतो.
म्हणाला,
नदीकडे जाणारी पायवाट कोणी लिहिली?
लोक चालले, वाट झाली.
देशही तसाच वहिवाटीचा.
काही गोष्टी भला माणूस करत नाही,
म्हणून त्या होत नाहीत.
लिहिलंत, की वकिलांची झाली.

मी मान डोलावली.
दोरी किती आवळली की कातडं फाटतं
हे कोणत्या कागदावर मावणार?

मागून कोणीतरी विचारलं,
आणि क्लेगेटने त्या वाटेवर फाटक घातलं तेव्हा?

हीटर घरघरत राहिला.
तेव्हा काउंटीच्या कचेरीत ऑब्रीच गेला होता.
चार दिवस धुंडाळून नकाशा काढला त्याने,
नकाशावर तुटक हिरवी रेघ.
रेघ होती म्हणून फाटक निघालं.
वाट रेघेच्या आधीची आहे, ऑब्री म्हणाला.
फाटकही होतंच की, मागचा म्हणाला.

मग इसिल्डा प्रेंडरगास्ट उठली,
कोट न काढता.
आठ वर्षांची आले, म्हणाली, किंग्स्टनहून,
आत्याच्या पासपोर्टवर.
एक्केचाळीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या.
मग पत्र आलं.
तुम्ही इथल्याच, याचा पुरावा द्या.
दर वर्षाचे चार कागद.
तुमच्या देशाकडे,
ती थांबली,
आपल्या देशाकडे स्वतःचा असा एक कागद नाही,
आणि त्यावाचून त्याचं अडत नाही म्हणता.
माझ्याकडे एकशे बारा होते.
कमी पडले.

ऑब्रीने कप खाली ठेवला. बशीत नीट बसेना.

मला सांगायचं होतं,
लिहिलेलंही पुसतं, बाई.
ज्याच्या हाती सुरी, त्याला शाई खरवडायला वेळ लागत नाही.
जुने मठवाले एक पोथी खरवडून
तिच्यावरच दुसरी लिहायचे.
पण दिव्यासमोर धरलं की कळतं,
इथे काहीतरी होतं.
जे लिहिलंच नाही ते खरवडलं
तर दिव्यासमोर धरायचं काय?
हे मी बोललो की नुसतं मनात आलं, आठवत नाही.
टॅम्सिन कसलीशी टिपणं घेत होती.

हात वर करायची वेळ आली.
सहा बाजूने, चार विरुद्ध.
अकरावा मी. मी चर्मपत्राची गुंडाळी सोडत बसलो होतो.

सगळे कोट शोधत असताना इसिल्डा टेबलाशी आली.
पत्रावर बोट फिरवत गेली,
आणि एका भोकाशी थांबली, मुगाएवढ्या.
हे काय?
वासरू कधी तारेला अडकलेलं, म्हटलं.
जिवंतपणी ओरखडा असतो नुसता. ताणलं की उघडतो.
मग लिहिणारा काय करतो?
वळसा घालून लिहितो. ओळ तुटत नाही.

बराच वेळ ती त्या भोकातून खालचं टेबल बघत राहिली.
माझ्याभोवती असेच वळसे घातलेत, म्हणाली,
अक्षर सुंदर होतं.

बाहेर धुकं. ऑब्री तिला बस थांब्यापर्यंत सोडायला निघाला,
नदीकडच्या वाटेने, टॉर्च घेऊन.
मी पत्र गुंडाळलं.
सकाळी नवीन कातडं चौकटीवर घेतलं,
आणि सुरी लावण्याआधी
दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, कुठे काय लागलंय ते.